खुलासा : चाचणीत अर्ध्या बाळांना उपचारच देत नाहीत?

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरत असतो : हृदयाच्या ऑपरेशननंतर औषधाच्या चाचणीत अर्धी बाळं उपचाराविना ठेवतात.

तसं नसतं. ऑपरेशनवेळी रक्त यंत्रातून फिरवलं की शरीरात दाह उठतो, पुढचे काही तास हृदयाचा जोर कमी पडू शकतो. त्यासाठीची नेहमीची औषधं, देखरेख सगळ्याच बाळांना मिळते. चाचणीचं औषध एका गटाला त्यावर जादा. दुसऱ्या गटाला त्याजागी बहुधा सलाइन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणी. औषध फायद्याचं ठरेल की अपायाचं, हे आधी ठाऊक नसतं. म्हणून तर तुलना.

आईबापांची धास्ती खरीच आहे, म्हणून विचाराच. संमतिपत्र मराठीत मागा. चाचणी योग्य आहे का हे तपासणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक पाहा. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, क्रमांक नेटवर कुणालाही तपासता येतो. सहीनंतरही माघार घेता येते, नेहमीचे उपचार थांबत नाहीत.