कॉर्नफ्लॉवर (वनस्पती आणि निळी रंगछटा)

कॉर्नफ्लॉवर ही सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) एक वर्षायू वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव सेंटॉरिया सायनस असे आहे. तिच्या फुलांच्या स्वच्छ, किंचित जांभळट झाक असलेल्या निळ्या रंगालाही याच नावाने ओळखले जाते आणि ही छटा रत्नांच्या बाजारापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत रूढ झाली आहे. स्वयंपाकघरातील मक्याच्या पिठाशी, म्हणजे कॉर्नफ्लोरशी, या वनस्पतीचा काहीही संबंध नाही. तिच्या इंग्रजी नावातील ‘कॉर्न’ म्हणजे युरोपातील गहू, बार्ली, राय यांसारखे कोणतेही धान्य, कारण ती मुळात त्या पिकांत उगवणारे तण होती.

झाड साधारणपणे दोन ते तीन फूट उंच वाढते. खोड सडपातळ पण चिवट, फांद्या असलेले आणि पांढुरक्या लवीमुळे राखाडी-हिरवे दिसणारे असते. पाने अरुंद व लांबट असतात. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो वास्तविक अनेक लहान पुष्पकांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो. कडेची पुष्पके मोठी, कर्ण्यासारखी पसरट आणि वंध्य असून त्यांचे काम कीटकांना दुरून आकर्षित करण्याचे असते, तर मधली, गडद जांभळट पुष्पके लहान असली तरी बीजधारणा त्यांच्यातच होते. स्तबकाखालच्या खवल्यांसारख्या छदांवरही मधुरस स्रवतो, त्यामुळे फूल उमलण्यापूर्वीपासूनच झाडावर मुंग्या व इतर लहान कीटक वावरताना दिसतात. स्वपरागणाने बी धरत नसल्याने ही वनस्पती मधमाश्यांसारख्या परागवाहकांवर अवलंबून असते. बियांच्या टोकाला असलेल्या तेलकट भागासाठी मुंग्या त्या वाहून नेतात आणि अशा रीतीने त्यांचा प्रसारही होतो.

मूळची पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातील ही वनस्पती धान्याच्या बियाण्यात मिसळून, शेतीबरोबरच युरोपभर पसरली. शेतकऱ्यांना ती नकोशीच होती, कारण तिच्या चिवट खोडांनी कापणीच्या वेळी विळ्याची धार बोथट होत असे. विसाव्या शतकात बियाणे यंत्राने स्वच्छ होऊ लागले, तणनाशके आली, आणि पिकांत शतकानुशतके टिकून राहिलेले हे तण काही दशकांतच शेतांतून हटले. ब्रिटनमध्ये तर नैसर्गिक स्थितीतील झाडे अत्यंत दुर्मीळ झाली. तिथे आज रस्त्याकडेला किंवा कुरणांत दिसणारी बरीचशी कॉर्नफ्लॉवर रानफुलांच्या बियाणे-मिश्रणांतून मुद्दाम पेरलेली असतात. जे तण निपटून काढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या खपल्या, ते जपण्यासाठी आता बियाणे विकत घ्यावे लागते, ही गोष्ट शेतीतील बदलांबद्दल पुष्कळ काही सांगते.

माणसाला या फुलांच्या गटाचे आकर्षण फार जुने आहे. इजिप्तमधील तुतनखामेन या राजाची कबर १९२२ मध्ये सापडली, तेव्हा त्याच्या शवपेट्यांवर वाहिलेल्या माळांत याच प्रजातीतील सेंटॉरिया डिप्रेसा या जातीची फुले आढळली. त्या माळांतील फुले व फळे वर्षाच्या कोणत्या काळात मिळतात हे पाहून राजाचे दफन वसंत ऋतूत, मार्च-एप्रिलच्या सुमारास झाले असावे, असा अंदाज अभ्यासकांना बांधता आला.

या फुलाचे खरे महत्त्व मात्र रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड व्हिल्श्टेटर यांनी १९१३ मध्ये कॉर्नफ्लॉवरमधून रंगद्रव्य वेगळे केले. फुलाच्या शास्त्रीय नावातील ‘सायनस’वरून त्याच्या मूळ घटकाला सायनिडीन असे नाव मिळाले आणि पुढे लाल गुलाबातही नेमके तेच सायनिडीन असल्याचे दिसून आले. एकच रेणू एका फुलाला लाल आणि दुसऱ्याला निळे कसे करतो, हा प्रश्न जवळजवळ शतकभर रेंगाळला. व्हिल्श्टेटर यांच्या मते फरक पेशीरसाच्या आम्लतेचा होता: आम्लात लाल, अल्कलीत निळा. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळे होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे स्पष्टीकरण सहज पटेल. पण कॉर्नफ्लॉवरच्या पाकळ्यांतील रस स्वतःच आम्लधर्मी असतो, आणि तरीही फूल निळे राहते. १९१९ मध्ये शिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये वेगळा विचार मांडला, तो असा की निळा रंग रंगद्रव्याशी जोडल्या गेलेल्या धातूमुळे येतो.

२००५ मध्ये जपानी संशोधकांनी क्ष-किरण स्फटिकचित्रणाने या रंगद्रव्याची, म्हणजे प्रोटोसायनीनची, संपूर्ण रचना प्रसिद्ध केली आणि धातूचा पक्ष खरा ठरला. त्यात सायनिडीनपासून बनलेले सहा रेणू आणि फ्लेव्होन गटातील सहा रंगहीन रेणू एकमेकांना लागून रचलेले असतात, आणि त्यांना एक लोहाचा, एक मॅग्नेशियमचा व दोन कॅल्शियमचे आयन एकत्र बांधून ठेवतात. ही बांधणी मोडली की निळाईही जाते. गोकर्णाची निळाई डेल्फिनिडीन या वेगळ्या रंगद्रव्यापासून येते, तेव्हा दोन्ही फुले डोळ्यांना जवळची वाटली तरी त्यांचे मार्ग निराळे आहेत.

रंगछटा म्हणून हे नाव सर्वांत मानाने वापरले जाते ते नीलम रत्नाच्या व्यवहारात, आणि तिथे त्याचा भारताशी थेट संबंध येतो. १८८१च्या सुमारास काश्मीर संस्थानातील पाडर भागात, सुमजाम गावाच्या वरच्या अंगाला, दरड कोसळल्याने नीलम उघड्यावर आले. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवरची ही खाण काही वर्षांतच बहुतांशी रिकामी झाली, पण तिथल्या खड्यांची मखमली, कॉर्नफ्लॉवरसारखी निळाई आजही उत्तम नीलमाचे माप मानली जाते. खड्यातील अतिसूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरल्याने ती मखमली झाक येते, तर मूळ निळा रंग लोह आणि टायटॅनियम यांच्यामुळे येतो. फूल आणि खडा या दोहोंच्या निळाईत लोहाचा वाटा असला, तरी दोन्हींतील प्रक्रिया अगदी भिन्न आहेत. संगणकावर ‘कॉर्नफ्लॉवर ब्लू’ या नावाखाली लाल १००, हिरवा १४९ आणि निळा २३७ असे प्रमाण ठरलेले आहे. ताज्या फुलाच्या तुलनेत ही छटा फिकट वाटते.

युरोपच्या सार्वजनिक जीवनात या फुलाने परस्परविरोधी अर्थ वाहिले आहेत. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात ते तिथली राणी लुईझे हिच्या आठवणीशी जोडले गेले: नेपोलियनच्या सैन्यापासून पळताना तिने मुलांना या फुलांच्या शेतात लपवले व त्यांची मने रमवण्यासाठी मुकुट विणले, अशी आख्यायिका आहे. तिचा मुलगा, पुढे सम्राट झालेला पहिला विल्हेल्म, याचे ते आवडते फूल होते. ऑस्ट्रियात उग्र जर्मन राष्ट्रवाद्यांनी ते चिन्ह म्हणून मिरवले आणि १९३०च्या दशकात बंदी असलेल्या नाझींनी ते ओळखीची खूण म्हणून वापरले, त्यामुळे तिथे त्याची सावली अजून गेलेली नाही. फ्रान्समध्ये मात्र १९१६ मध्ये शार्लोत मालतेर आणि सुझान लीनार या दोन महिलांनी जखमी सैनिकांना रोजगार मिळावा म्हणून कापडाच्या पाकळ्यांची कॉर्नफ्लॉवर बनवण्याची कार्यशाळा पॅरिसच्या आंव्हालीद या जखमी सैनिकांसाठीच्या संस्थेत सुरू केली. पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचा दिवस असलेल्या ११ नोव्हेंबरला फ्रेंच लोक आजही हे फूल छातीवर लावतात. एस्टोनियाने १९६८ पासून राय पिकाच्या सोबतीने वाढणाऱ्या या फुलाला राष्ट्रीय फूल मानले आहे.

पाकळ्या खाण्याजोग्या असून चहाच्या मिश्रणांत व सॅलडवर त्या रंगासाठी घालतात. चवीत त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. फ्रान्समध्ये फुलांचा अर्क थकलेल्या डोळ्यांसाठी वापरण्याची परंपरा आहे. भारतात हे हिवाळी हंगामी फुलझाड म्हणून बागांत लावतात. पावसाळा सरल्यावर बी पेरले की थंडी संपता संपता फुले येतात. भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा त्याला मानवतो, आणि मुळांना धक्का लागलेला सोसत नसल्याने रोपे उपटून लावण्यापेक्षा बी जागेवरच टाकणे श्रेयस्कर ठरते.