यकृताच्या रुग्णांत आयएनआर: एका आकड्याची पार्श्वभूमी

सिरोसिसच्या (यकृत निबर होत जाण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाच्या पोटातले पाणी काढायचे असो वा मानेच्या शिरेत कॅथेटर घालायचा असो, आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा प्रमाणित आकडा, पाहायचा आणि तो दीडच्या वर असला की प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) चढवून खाली आणायचा, ही पद्धत अनेक वॉर्डांत अजूनही पाळली जाते. २०२१ आणि २०२२ मध्ये अमेरिका व युरोपातून आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी अशा सरसकट दुरुस्तीची शिफारस केलेली नाही. तरीही ती टिकून आहे, कारण तिची मुळे जवळजवळ नव्वद वर्षे मागे जातात आणि त्यांतला बराच भाग यकृताशी संबंधित नसलेल्या निर्णयांचा आहे.

प्रोथ्रोम्बिन टाइम ही चाचणी १९३५ मध्ये अमेरिकेत मांडली गेली, तेव्हा ती हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आणि अवरोधी कावीळ (पित्तमार्ग अडल्याने होणारी) या दोन आजारांच्या संदर्भात होती. म्हणजे यकृत आणि पित्तमार्गाचे रुग्ण या चाचणीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहेत. तिची कृती आजही फारशी बदललेली नाही. निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारे रसायन) घेतात, ते फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात, ३७ अंश तापमानात त्यात थ्रोम्बोप्लास्टिन (गोठण्याची क्रिया सुरू करणारे रसायन) आणि कॅल्शियम मिसळतात आणि गुठळी धरेपर्यंतचे सेकंद मोजतात. काविळीत पित्त आतड्यात न पोचल्याने जीवनसत्त्व ‘के’ शोषले जात नाही, सेकंद वाढतात आणि इंजेक्शनाने ते कमी होतात. तेथे चाचणीने आपले काम चोख केले. यकृताच्या पेशीच निकामी झाल्या असतील तर इंजेक्शनाने फरक पडत नाही, हेही लवकरच ध्यानात आले. लांबलेले सेकंद म्हणजे यकृताची निर्मितिक्षमता घटली, हा अर्थ तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे. १९७३ मध्ये सिरोसिसची तीव्रता ठरवणाऱ्या जुन्या गुणांकनातून पोषणाचा निकष काढून त्या जागी प्रोथ्रोम्बिन टाइम घातला गेला, तो याच अर्थाने.

लांबलेले सेकंद म्हणजे रक्तस्रावाचा धोका, हा दुसरा अर्थ मात्र पुराव्याने सिद्ध होण्याआधीच रूढ झाला. असे रुग्ण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून खरोखरच भयंकर रक्त ओकत. १९६३ मध्ये अमेरिकेत झालेल्या पहिल्या मानवी यकृतप्रत्यारोपणात रुग्ण शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावानेच दगावला. फुगलेली शीर फुटते ती मुख्यतः पोर्टल शिरेतल्या (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतल्या) वाढलेल्या दाबामुळे, हे वेगळे काढून पाहण्याची सवय तेव्हा नव्हती.

यानंतर आला आयएनआर, आणि या विषयातला सर्वांत मोठा गुंता त्याच्यापाशी आहे. थ्रोम्बोप्लास्टिन निरनिराळ्या स्रोतांतून आणि कंपन्यांकडून येई, त्यामुळे वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी घेणाऱ्या एकाच माणसाचा प्रोथ्रोम्बिन टाइम दोन प्रयोगशाळांत वेगळा येई आणि गोळीचा डोस चुके. १९८३ मध्ये यावर आंतरराष्ट्रीय तोडगा निघाला: प्रत्येक रसायनाला संवेदनशीलतेचा निर्देशांक द्यायचा, रुग्णाच्या आणि निरोगी माणसाच्या सेकंदांचे गुणोत्तर त्या निर्देशांकाच्या घातापर्यंत चढवायचे आणि मिळालेला आकडा सर्वत्र सारखाच समजायचा. वॉरफरिनच्या रुग्णांसाठी ही व्यवस्था उत्तम ठरली आणि तिने असंख्य अपघात टाळले, यात शंका नाही. पण तो निर्देशांक ठरवताना वापरलेला प्लाझ्मा निरोगी माणसांचा आणि वॉरफरिनवर स्थिरावलेल्या रुग्णांचा होता. वॉरफरिनने जीवनसत्त्व ‘के’वर अवलंबून असलेलेच रक्त गोठवणारे घटक घटतात, सिरोसिसमध्ये त्यांच्यासोबत घटक पाच आणि पुढच्या टप्प्यात गुठळीचे धागे बनवणारे फायब्रिनोजेनही घटते. दोन्ही प्लाझ्मांची घडण वेगळी असल्याने एकासाठी बसवलेला निर्देशांक दुसऱ्याला लागू पडत नाही. छापील अहवालात मात्र आयएनआरची ओळ दोघांसाठी एकाच नमुन्यात येऊ लागली, आणि सिरोसिसमधला अडीचचा आयएनआर वॉरफरिनमधल्या अडीचसारखाच वाचला जाऊ लागला: रक्त पातळ झाले आहे, सुई टोचू नका.

या गोंधळाचे परिणाम केवळ सुईपुरते राहिले नाहीत. पोर्टल शिरेचा दाब उतरवणाऱ्या एका प्रक्रियेनंतर कोण जगेल याचा अंदाज बांधण्यासाठी २००० मध्ये गुणांकनाचे एक सूत्र मांडले गेले. बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) आणि आयएनआर यांवर बेतलेले हे सूत्र २००२ पासून अमेरिकेत दात्याचे यकृत आधी कोणाला द्यायचे हे ठरवू लागले. त्या मूळ सूत्रात आयएनआरच्या लॉगॅरिदमला ११.२ ने गुणले जाई आणि हा तिन्हींतला सर्वांत मोठा गुणक होता. एकाच रुग्णाचा आयएनआर एका रसायनाने २.० आणि दुसऱ्याने २.४ आला, तर नुसत्या तेवढ्याने गुणसंख्या सुमारे दोनने बदले. प्रतीक्षायादीत वर-खाली होण्यास इतका फरक पुरेसा आहे, आणि तो आजार वाढल्यामुळे पडलेला नसून बाटली बदलल्यामुळे पडलेला असतो. २००७ मध्ये इटली आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की निर्देशांक सिरोसिसच्या रुग्णांच्या प्लाझ्मावर नव्याने बसवला तर प्रयोगशाळांमधली तफावत बरीचशी नाहीशी होते. उपाय हाताशी होता, पण तो नित्याच्या वापरात आलाच नाही. एकाच नमुन्यावर दोन वेगळे आयएनआर देणे गैरसोयीचे ठरले असते हे मान्य केले, तरी ज्या आकड्यावर अवयव मिळणे अवलंबून आहे त्याच्या बाबतीत गैरसोयीची सबब मला पुरेशी वाटत नाही.

रक्तस्रावाच्या बाजूने पाहिले तर शंका घेण्यास जागा फार आधीपासून होती. १९८१ मध्ये, म्हणजे आयएनआर येण्यापूर्वी दोन वर्षे, जर्मनीत २०० रुग्णांच्या यकृताचा तुकडा घेताना टोचलेल्या जागेतून किती वेळ रक्त येते हे दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिले गेले, आणि त्या वेळेचा प्रोथ्रोम्बिन टाइमशी वा प्लेटलेटच्या संख्येशी संबंध आढळला नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अनुभवात पोटातले पाणी मोठ्या प्रमाणात काढण्याच्या ११०० प्रक्रिया होत्या. त्यांत आयएनआर ८.७ पर्यंत चढलेले आणि प्लेटलेट १९,००० पर्यंत उतरलेले रुग्ण होते, आधी प्लाझ्मा दिला नव्हता, आणि लक्षणीय रक्तस्राव एकालाही झाला नाही.

याचे कारण २००५ मध्ये इटलीत स्पष्ट झाले. प्रोथ्रोम्बिन टाइमची नळी थ्रोम्बिनचा (गुठळी घडवणाऱ्या विकराचा) जेमतेम पहिला अंश तयार होताच थांबते, आणि रक्त साकळू न देणारे प्रोटीन सी तीत जागेच होत नाही, कारण त्यासाठी लागणारे थ्रोम्बोमोड्युलिन रक्तवाहिनीच्या अस्तरात असते, प्लाझ्मात पुरेसे नसते. संशोधकांनी ते बाहेरून घातले आणि एकूण थ्रोम्बिन मोजले, तेव्हा सिरोसिसच्या रुग्णांत ते निरोगी माणसांइतकेच भरले. यकृत रक्त गोठवणारे घटक कमी बनवते तसेच प्रोटीन सी आणि अँटिथ्रोम्बिनही कमी बनवते. तराजूची दोन्ही पारडी हलकी झालेली असतात आणि जुनी चाचणी एकच पारडे मोजते. पाठोपाठ २००६ मध्ये दिसले की या रुग्णांत वाढलेला व्हॉन विलेब्रँड घटक (प्लेटलेटना जखमेशी चिकटवणारे प्रथिन) प्लेटलेटची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

हा समतोल नाजूक असतो आणि तो गुठळीच्या बाजूनेही ढळतो. वाढलेल्या आयएनआरमुळे रुग्णाला आपोआपच संरक्षण मिळते, म्हणून पायातल्या शिरेच्या गुठळीची चिंता नको, हा समज २००६ च्या सुमारास मोडू लागला. २०१२ मध्ये इटलीतल्या ७० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना रोज ४००० युनिट एनॉक्सापॅरिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) दिले गेले. ४८ आठवड्यांत त्यांच्यापैकी कोणाच्याही पोर्टल शिरेत गुठळी झाली नाही, तर उपचार न मिळालेल्या गटात ती सहा जणांना झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली, प्रक्रियेआधी गोळीने प्लेटलेट वाढवण्याची एक चाचणी पोर्टल शिरेतल्या गुठळ्यांमुळेच मध्ये थांबवावी लागली होती.

प्लाझ्माचा हिशेबही याच काळात नव्याने मांडला गेला. साठ किलोच्या रुग्णाला किलोमागे १५ मिलिलिटर द्यायचे तर ९०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे चार पिशव्या लागतात, आणि हे सारे द्रव पोर्टल शिरेतला दाब वाढवते, म्हणजे ज्या फुगलेल्या शिरांची भीती आहे त्यांनाच ताण देते. मोबदल्यात आयएनआर फारसा उतरतही नाही: २००६ च्या एका अमेरिकी पाहणीत किंचित वाढलेला प्रोथ्रोम्बिन टाइम प्लाझ्माने पूर्ववत होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. अचानक यकृत निकामी झालेल्या रुग्णात तर नुकसान दुहेरी होते. १९८९ मध्ये लंडनमध्ये ठरलेल्या निकषांनुसार ६.५ च्या वरचा आयएनआर प्रत्यारोपणाची गरज दाखवतो. तेथे आकडा अंदाज बांधण्यासाठी हवा असतो, आणि प्लाझ्मा देऊन तो पुसला की यकृत सावरते आहे की खचते आहे हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

आता आयएनआरची जागा घेऊ पाहणारी थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी जर्मनीत १९४८ मध्येच मांडली गेली होती आणि १९८० च्या दशकात ती अमेरिकेतल्या प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियागृहात पोचली. पूर्ण रक्ताची गुठळी कधी धरते, किती घट्ट होते आणि कधी विरघळते हे ती आलेखावर दाखवते. २०१६ मध्ये इटलीतल्या ६० रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीच्या गटात सर्वांना रक्तघटक दिले गेले, तर आलेख पाहून ठरवलेल्या गटात १६.७ टक्क्यांना. मात्र या चाचणीतही थ्रोम्बोमोड्युलिन नसते आणि व्हॉन विलेब्रँड घटकाचे काम तिला दिसत नाही. शिवाय त्या साठांपैकी रक्तस्राव झाला तो एकालाच, तोही नेहमीच्या पद्धतीच्या गटात. त्यामुळे आलेखाने रक्तघटकांची उधळण थांबते हे सिद्ध झाले. चाळीस मिनिटांत गुठळी न धरणे किंवा तिची घट्टपणाची रेषा तीस मिलिमीटरच्या खाली राहणे, या तेथे वापरलेल्या मर्यादा रक्तस्राव होणारा रुग्ण नेमका ओळखतात का, हे त्या आकड्यांतून ठरत नाही.