वेगवेगळे सबवूफर एकत्र वापरणे

घरच्या ध्वनियंत्रणेत आकार, पेटी किंवा ताकद वेगळी असलेले दोन वा अधिक सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर) एकाच वेळी चालवण्याची पद्धत. बहुधा जुना सबवूफर असताना नवा, मोठा येतो आणि जुन्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. जुना काढून टाकण्याची घाई करू नये.

एकाहून अधिक सबवूफर लावण्याचे मुख्य कारण मोठा आवाज हे नसून ते ज्या खोलीत वाजतात ती खोली हे आहे. खर्जातल्या ध्वनिलहरी लांबलचक असतात. २० हर्ट्झची लहर सुमारे १७ मीटरची. समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्यांचे स्थिर तरंग तयार होतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत पहिला तरंग ३४ हर्ट्झच्या आसपास येतो. त्या स्वराला भिंतींपाशी खर्ज घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. दोन टोकांना एकेक सबवूफर ठेवला तर दोघे हा तरंग उलटसुलट दिशांनी चेतवतात आणि तो दबतो. ध्वनितज्ज्ञ टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अशा सममित रचनांचा, विशेषतः चार भिंतींच्या मध्यबिंदूंचा, विचार आहे. मात्र पुरते दबण्यासाठी दोघांचा जोर सारखा लागतो. जोडी विजोड असेल तर हा फायदा अर्धवटच मिळतो. दुसरे ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडिस यांची पद्धत अशा वेळी जवळची वाटते: सबवूफर खोलीत विखरून ठेवायचे, प्रत्येकाची पातळी आणि विलंब वेगळा जुळवायचा. त्यात सगळे एकसारखे असण्याची अट नाही.

खरी अडचण फेजची, म्हणजे दोन्हींच्या लहरींचे चढउतार एकाच वेळी होतात की नाही याची. बंद पेटीचा आवाज तिच्या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्ट (हवेसाठी ठेवलेले नळीसारखे भोक) असलेल्या पेटीचा २४ डेसिबलने. पोर्ट ज्या स्वराला घुमतो त्या स्वराजवळ तिची फेजही झपाट्याने फिरते. त्यामुळे एका स्वराला एकमेकांना साथ देणारे हे दोघे दुसऱ्या स्वराला एकमेकांना खोडतात. समान पातळीचे दोन आवाज पूर्ण जुळले तर ६ डेसिबलची भर पडते, पूर्ण विरुद्ध झाले तर काहीच उरत नाही. फेजचे बटण ० वरून १८० वर नेऊन हे सगळ्या स्वरांना सुटत नाही. म्हणून दोन्ही पेट्या एकाच प्रकारच्या असतील तर काम पुष्कळ सोपे होते.

जुळवणी मायक्रोफोननेच करावी, कानावर विसंबू नये. आधी प्रत्येकाचा आलेख (कोणत्या स्वराला किती आवाज येतो तो) वेगळा, मग दोघांचा एकत्र. एकत्र आलेख कुठे एकट्याच्याही खाली गेला, तर तिथे खोडाखोड होत आहे. १ मिलिसेकंदाचा विलंब म्हणजे सबवूफर सुमारे ३४ सेंटिमीटर मागे सरकवणे.

लहान सबवूफरची कुवत मात्र सेटिंगने वाढत नाही. रिसीव्हरने (स्पीकरांना सिग्नल पुरवणाऱ्या यंत्राने) दोघांना एकच सिग्नल दिला आणि खालचे स्वर उचलले, की तो भार लहानावरही पडतो. पोर्टच्या स्वराखाली हवेचा आधार सुटून त्याचा पडदा बेफाम हलतो, आवाज फाटतो. अशा वेळी लहानाला हाय-पास फिल्टर (ठरावीक स्वराखालचे स्वर अडवणारी चाळणी) लावून अगदी तळाचे स्वर मोठ्याकडेच सोपवावेत. फिल्टरमुळेही फेज बदलते, म्हणून तो लावल्यावर मोजणी पुन्हा करावी लागते.