मागच्या शॉकचा बुश: कोरडाच चालतो, कोरडाच झिजतो

धुळ्याजवळ लळिंगच्या मुरमाड उतारावर किंवा तोरणमाळच्या वाटांवर फुल सस्पेन्शनची (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली) सायकल चालवणाऱ्यांच्या कानावर कधी ना कधी एक आवाज येतोच. मागचं चाक दगडावरून उचललं जाऊन परत टेकलं की सीटखाली कुठेतरी ‘टक्’ होतं. लोक आधी चेन बघतात, मग सीटपोस्ट आवळतात, मग मागच्या हबवर संशय घेतात. मोटरसायकलच्या चिमट्याचे बुश बदलून हात बसलेला मिस्त्री मात्र सीट धरून सायकल हलवतो आणि म्हणतो, ‘भाऊ, बुश गया.’ बहुतेक वेळा त्याचं खरं निघतं.

मागच्या शॉकच्या दोन्ही टोकांना एकेक गोल भोक असतं. त्यात दाबून बसवलेली छोटी, पातळ नळी म्हणजे बुश. बुशमध्ये पिन, पिनमधून बोल्ट आणि बोल्ट फ्रेममध्ये. पिनचं एक रूढ माप अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. चाक वरखाली झालं की शॉक दबतो आणि दबताना पिनेभोवती थोडासा वळतो. हे वळणं सांभाळणं एवढंच बुशचं काम.

पण भार केवढा? समजा मागचं चाक 150 मिलिमीटर वर येतं आणि तेवढ्यात शॉक 60 मिलिमीटर दबतो. गुणोत्तर झालं अडीच. चाकावर 50 किलो भार असेल तर तरफेच्या नियमाने शॉकवर सव्वाशे किलो येतो, तोही सायकल उभी असताना. उडी मारून उतरलात की क्षणभर त्याच्या कितीतरी पट. हा सगळा भार नखाएवढ्या जागेवरून जातो. हेच गणित उलट बाजूनेही लागू पडतं. दोन्ही बुशमध्ये प्रत्येकी 0.2 मिलिमीटरचा खेळ, म्हणजे सैलपणा, आला, तर शॉकपाशी तो 0.4 होतो आणि चाकापाशी पूर्ण एक मिलिमीटर. डोळ्याला न दिसणारी फट चाकाला पोचेपर्यंत हाताला जाणवण्याइतकी मोठी होते, ती अशी.

सीटवर बसून सपाट रस्त्याने जाताना आवाज येत नाही, कारण तुमच्या वजनाने पिन एकाच बाजूला दाबलेली असते. चाक हलकं झालं की ती फटीत मोकळी होते आणि चाक टेकताच पलीकडच्या भिंतीवर आपटते. प्रत्येक आपटण्याने फट थोडी वाढते आणि फट वाढली की पुढचं आपटणं आणखी जोरात. म्हणून सुरुवातीला कित्येक महिने हळूहळू वाढणारा खेळ शेवटी काही दिवसांत बेसुमार होतो.

मग तिथे तेल का घालत नाहीत? जिनिंग मिलमधला शाफ्ट सतत, वेगाने फिरतो. फिरता फिरता तो तेलाला आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या थरावर उचलला जातो. धातूला धातू लागत नाही. शॉकची पिन पूर्ण फिरतच नाही. ती थोडेच अंश इकडे, थोडेच तिकडे झुलते आणि दर फेरीला दोन्ही टोकांना थांबते. असा थर तयार व्हायला लागणारा वेग तिला कधी मिळतच नाही. बॉल बेअरिंगलाही हे झुलणं मानवत नाही: त्याच त्या गोळ्या त्याच त्या जागी दाबल्या जाऊन खाचा पाडतात. म्हणून इथे कोरडं चालणारं काहीतरी हवं होतं.

त्याची वाट टेफ्लॉनने दाखवली. 1938 मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करत होते. वायूच्या एका नळकांड्यात त्यांना वायूऐवजी पांढरी, निसरडी भुकटी सापडली. कोरड्या पोलादाशी तुलना केली तर टेफ्लॉनचं घर्षण जेमतेम एक-दशांशाच्या आसपास आहे. मात्र नुसतं टेफ्लॉन मऊ असतं. दाबाखाली ते पसरतं, झपाट्याने झिजतं आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. यावरचा तोडगा ब्रिटनमधल्या ग्लेशियर मेटल कंपनीने 1950 च्या दशकात काढला. पोलादाच्या पत्र्यावर कांशाची भुकटी भाजून सच्छिद्र थर चिकटवायचा आणि त्या छिद्रांत टेफ्लॉन आणि शिसं भरायचं. नव्या प्रकारच्या बऱ्याच बुशमध्ये शिसं वगळतात, रचना तीच. भार पोलाद झेलतं, उष्णता कांसं वाहून नेतं, निसरडेपणा टेफ्लॉन देतं.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढची वाटते. नवा बुश चालू लागला की टेफ्लॉनची सूक्ष्म पापुद्र्यासारखी साय पिनेवर जाऊन बसते आणि मग टेफ्लॉन टेफ्लॉनवर घसरतं. घासून एखादी जागा तापली, तर छिद्रातलं टेफ्लॉन आजूबाजूच्या कांशापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, वर येतं आणि नेमकी तीच जागा निसरडी करतं. म्हणजे जिथे गरज, तिथेच वंगण. हा साठा संपत आला की बुशचं आयुष्य संपलं.

जुना बुश काढून उजेडात धरा. आतून तो करडा-काळपट असतो, पण एका बाजूच्या कमानीवर तांबूस-सोनेरी ठिपके दिसतात, कधी ते जोडले जाऊन चकचकीत पट्टा झालेला असतो. ते उघडं पडलेलं कांसं. समोरची बाजू जवळजवळ नव्यासारखी. भार कुठून येत होता ते तिथे लिहिलेलं असतं. पिनेकडेही बघा: काळा मुलामा जाऊन खालचं पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसत असेल तर पिनही बदला. खडबडीत पिनेवर नवा बुश फार टिकत नाही.

आपल्याकडे खरा शत्रू धूळ आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या वाटांवर चाकामागे उठणारी धूळ पिठासारखी मऊ दिसते, पण तिच्यात गारगोटीचे कण असतात आणि ते कांशापेक्षा खूप कठीण. अशा बुशला ग्रीस फासलं तर ते कण चिकटून राहतात आणि पॉलिश पेपरचं काम करतात. शिवाय टेफ्लॉनची साय नीट बसत नाही. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा तर तिथे मुळीच मारू नये. पाणी सीलच्या कडेने कण आत ढकलतं. ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

तपासणी सोपी. एक बोट शॉकच्या टोकावर असं ठेवा की ते फ्रेमलाही लागेल. दुसऱ्या हाताने सीट केसभर उचला आणि सोडा. बुश गेला असेल तर बोटाला टकटक लागते. वरचं टोक, खालचं टोक आणि मग लिंकेजचे (शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांचे) सांधे असं एकेक करून बघा.

बदलताना हातोडी लांब ठेवा. शॉकचं टोक अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ठोकलं की भोक अंडाकृती होतं आणि मग कुठलाच बुश तिथे बसत नाही. गॅसकटरने तापवणं तर थेट धोक्याचं, कारण शॉकमध्ये दाबाखालचा वायू आणि तेल असतं. बेंच व्हाइस आणि पान्याच्या दोन गोट्या (सॉकेट) पुरतात. बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान गोटी एका बाजूने लावायची, निघणारा बुश आत मावेल अशी मोठी गोटी दुसऱ्या बाजूने, आणि सावकाश आवळायचं. नवा बुशही असाच सरळ दाबायचा; तिरका जातोय असं वाटलं तर थांबून परत काढा. बुशला एक जोड असतो, तो भाराच्या रेषेत येऊ देऊ नका. पिन अंगठ्याच्या जोराने आत सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

एमआयडीसीतला लेथवाला गन मेटलचा (कांशाच्याच एका प्रकारचा) बुश करून देतो म्हणेल. काम तो चोख करेल, पण गन मेटलला तेल लागतं आणि तेलाची अडचण वर आलीच आहे. त्यापेक्षा त्याच्याकडून डेल्रिनचा (एका कठीण, निसरड्या प्लॅस्टिकचा) बुश करून घ्या, किंवा तयार बुश मागवा. मागवण्याआधी डिजिटल व्हर्नियरने तीन मापं घ्या: शॉकच्या भोकाचा आतला व्यास, बोल्टचा व्यास आणि शॉकचं टोक ज्यांच्यामध्ये बसतं त्या फ्रेमच्या दोन कानांमधलं अंतर. प्रत्येक कंपनीची मापं वेगळी असतात, आणि एकाच सायकलच्या वरच्या-खालच्या टोकांनाही वेगवेगळी रुंदी लागू शकते.