जुन्या बंबाचे डिझेल इंजिन : बिघाडांमागचा इतिहास

अग्निशमन दलातून निवृत्त झालेला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा बंब पुन्हा सुरू करायचे ठरले की बहुतेक मेकॅनिक त्याच्याकडे जुना ट्रक म्हणूनच पाहतात. सांगाडा ट्रकचा, इंजिन ट्रकचे आणि सुटे भागही ट्रकचेच असल्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. मात्र लाखो किलोमीटर धावून ट्रकची जी झीज होते ती बंबाच्या वाट्याला आलेली नसते, आणि बंबाने जे सोसलेले असते ते ट्रकला सहसा सोसावे लागत नाही. इंजिन सुरू का होत नाही, पांढरा धूर का टाकते, पंपाचा भार येताच का दबते, या प्रश्नांचा माग काढायचा तर बंबात डिझेल इंजिन कसे आले आणि तेथे त्याच्याकडून कोणते काम करून घेतले गेले, हे आधी पाहावे लागते.

मुंबईला आगीचा धडा लवकर मिळाला होता. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातील वस्तीचा मोठा भाग जळाला. तरीही आग विझवण्याचे काम पुढे बराच काळ पोलिसांकडेच राहिले आणि १८८७ मध्ये ते महापालिकेच्या स्वतंत्र दलाकडे आले. घोड्यांनी ओढायच्या गाड्या आणि वाफेवर चालणारे पंप हे त्या दलाचे पहिले साहित्य. १९०७ मध्ये पहिला मोटार बंब आला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, तेव्हा बंब म्हणजे पेट्रोल इंजिन हेच समीकरण बहुतेक ठिकाणी रूढ होते.

डिझेल इंजिन तोवर अनोळखी मुळीच राहिले नव्हते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, बॉशने १९२७ मध्ये इंधन-पंपाचे कारखानदारी उत्पादन सुरू केले आणि १९३० च्या दशकात युरोपातील बस व ट्रक झपाट्याने डिझेलकडे वळले. अग्निशमन दलांनी मात्र घाई केली नाही, आणि त्यात केवळ जुन्याची ओढ नव्हती. घंटा वाजताच इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले पाहिजे, गाडीने लगेच वेग घेतला पाहिजे आणि इंजिन हलके असले पाहिजे, या तिन्ही बाबतींत त्या काळचे डिझेल इंजिन मागे पडत असे. शिवाय बंबावरचा पाण्याचा पंप केंद्रोत्सारी, म्हणजे फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणारा, असतो. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेरे दुप्पट झाले की दाब चौपट होतो. पेट्रोल इंजिन असे वाढीव फेरे सहज देत असे. म्हणूनच १९५० च्या दशकातही गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीचे नामांकित बंब रोल्स-रॉइसच्या आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर धावत होते, आणि डिझेल सर्वमान्य व्हायला १९६० चे दशक उजाडले.

भारतात हा बदल चेसिसच्या, म्हणजे इंजिनासह तयार सांगाड्याच्या, वाटेने आला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक बनत होते. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली आणि ते सहकार्य १९६९ पर्यंत टिकले. मद्रासजवळ एन्नोरला १९५५ पासून अशोक लेलँड या नावाने लेलँडची वाहने बनू लागली, तर पर्किन्सची इंजिने मद्रासचीच सिंप्सन कंपनी बनवत होती. इंधन-पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल यांसाठी बंगळूरला १९५१ मध्ये मायको स्थापन झाली. यांपैकी एखादी चेसिस घ्यायची आणि तिच्यावर टाकी, पंप, शिडी व बॉडी चढवायची, ही पद्धत रुळली. त्यामुळे समोर उभ्या असलेल्या बंबाच्या बॉडीवर कोणाचेही नाव असले तरी बोनेटखाली या दोन-तीन घराण्यांपैकीच एखादे इंजिन निघण्याची शक्यता मोठी असते.

घराणे ओळखणे इतक्यासाठी आवश्यक आहे की त्यांची ज्वलनाची रीतच वेगळी आहे. लेलँडच्या कॉमेट मालिकेत डिझेल थेट पिस्टनवरच्या पोकळीत फवारले जाते. टाटा-मर्सिडीझच्या सहा सिलिंडरच्या ओएम-३१२ इंजिनात ते आधी हेडमधल्या छोट्या पूर्वकक्षात पेटते आणि ज्वाला तेथून सिलिंडरमध्ये येते. या कक्षाच्या भिंती संकोचित हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून थंड इंजिन सुरू करताना त्याला तापप्लगांची, म्हणजे विजेने तापणाऱ्या कांड्यांची, मदत लागते. जुन्या पद्धतीचे हे प्लग एकापुढे एक जोडलेले असत, आणि दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझावी, तसा एक प्लग जळाला की सहाही थंड पडत. मुंबईची हवा उबदार असल्यामुळे इंजिन धडधाकट असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह थोडे सैल होऊन कॉम्प्रेशन, म्हणजे हवेचे संकोचन, घसरले, की सेल्फ कितीही मारला तरी नळीतून फक्त पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. अशा वेळी हेड उतरवण्याआधी मल्टिमीटर घेऊन प्लगांची मालिका तपासणे शहाणपणाचे, कारण त्याला पाच मिनिटे लागतात आणि हेडला दोन दिवस.

फेऱ्यांचा प्रश्न डिझेलबरोबर सुटला नाही, तो गिअरपेटीकडे सरकला. पेट्रोल इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांवर थांबणाऱ्या डिझेलकडून तोच दाब मिळवायचा तर पीटीओमध्ये, म्हणजे इंजिनाची शक्ती पंपाकडे नेणाऱ्या जोडणीत, फेरे वाढवणारे गुणोत्तर द्यावे लागते. कारखान्यातूनच डिझेल घेऊन आलेल्या बंबांत ते दिलेले असते. घोटाळा होतो तो पुढे पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या गाड्यांत, आणि इंधनाचे भाव भडकल्यावर आपल्याकडे असे इंजिनबदल सर्रास झाले. इंजिन बदलले पण पीटीओ तोच राहिला, तर पंपाला दाब कमी मिळतो. मग कोणीतरी इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या कमाल फेऱ्यांच्या स्क्रूचे सील तोडून तो फिरवतो. काळा धूर, तापणारे इंजिन आणि खिळखिळे झालेले कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग अशी तक्रार घेऊन आलेल्या बंबात हे तुटलेले सील आधी शोधावे. ते तुटलेले आढळले, तर नवे नोझल बसवून काही साधत नाही.

त्या काळच्या बऱ्याच इंधन-पंपांवर गव्हर्नरही आजच्यासारखा वजनांचा नसे, निर्वातावर चालणारा असे. हवा आत घेणाऱ्या गळ्यातून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डबीत जाते, डबीत चामड्याचा पडदा असतो आणि तो इंधनाची दांडी, म्हणजे रॅक, कमी डिझेलच्या बाजूला ओढून धरतो. उलट बाजूने स्प्रिंग तिला जास्तीच्या बाजूला ढकलते. चामडे वाळून तडकले की ओढ नाहीशी होते, स्प्रिंग जिंकते आणि इंजिन मोकाट सुटते. याची परीक्षा सोपी आहे. रॅक बंदच्या टोकाला ढकलून धरायची, नळीच्या तोंडावर बोट घट्ट दाबायचे आणि रॅक सोडायची; पडदा शाबूत असेल तर ती किंचित सरकून तेथेच अडते, फाटला असेल तर सरळ परत येते. एवढी साधी चाचणी विस्मरणात गेली आणि निष्कारण कॅलिब्रेशनला पाठवलेले पंप वाढले, असे माझे मत आहे.

आता बंबाच्या दिनक्रमाकडे वळले पाहिजे, कारण त्याच्या इंजिनाची खरी हानी तेथे होते. स्टेशनात दररोज सकाळी गाडी सुरू करून पाहण्याची शिस्त असते आणि ती योग्यच आहे. तथापि दहा मिनिटे रिकामे चाललेले डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही. अर्धवट जळलेले इंधन रिंगांच्या खाचांत कार्बन होऊन बसते, लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, बारीक जाळीदार घासणी गुळगुळीत होते आणि उरलेले डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करते. दुसऱ्या टोकाला, वर्दी आली की तेच थंड इंजिन काही सेकंदांत पूर्ण भारावर जाते, जेव्हा वरच्या भागात ऑइल नीट पोहोचलेलेही नसते. म्हणून किलोमीटरचा काटा तीस हजार दाखवत असतानाही रिंगा चिकटलेल्या आणि निळा धूर येत असलेला बंब भेटतो. येथे लगेच सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, घेणे मला मान्य नाही. चिकटलेल्या रिंगा पुष्कळदा ऑइल बदलून आणि पंपाला भार देऊन नीट चालवल्यावर सुटतात, आणि जुन्या मापाचे लायनर आता सहज मिळतही नाहीत.

उभ्याने पंप चालवणे हा दुसरा ताण आहे. ट्रक धावत असताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो. आगीच्या जागी बंब तासन्‌तास जागेवर उभा राहून जवळपास पूर्ण भार ओढतो. यावर उपाय म्हणून पंपाचे थोडे पाणी एका उष्णताविनिमयकातून फिरवून इंजिनाच्या पाण्याची उष्णता काढून घेण्याची सोय बंबांत केली गेली. ट्रकमध्ये ही व्यवस्था नसते, म्हणून ट्रकवाल्या मेकॅनिकला ती दिसतच नाही. तिची आतली नळी गंजून छिद्र पडले की पंपाचा दाब थेट रेडिएटरमध्ये शिरतो, झाकणातून पाणी उसळते आणि निदान हमखास ‘हेड गॅस्केट उडाली’ असे होते. दोहोंत फरक करण्याची खूण अशी की पंप सोडवून इंजिन चालवल्यावर पाणी उसळायचे थांबले, तर दोष विनिमयकात आहे. किनाऱ्यावरच्या शहरात कधी समुद्राचे पाणी ओढावे लागले असेल आणि नंतर गोड्या पाण्याने धुणे राहून गेले असेल, तर हा दोष लवकर उद्भवतो.

निवृत्तीनंतर तर बंब फक्त उभा राहतो, आणि मुंबईत उभे राहणे इंजिनाला चालवण्यापेक्षा महाग पडते. अर्धी टाकी रिकामी असली की पावसाळ्याची दमट हवा तिच्यात जाते, त्या हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊन तळाला साचते, आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्मजीव वाढून काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. तो फिल्टर गच्च करतो. पर्किन्सच्या नंतरच्या इंजिनांवर आलेल्या सीएव्ही कंपनीच्या डीपीए पंपासारख्या फिरत्या इंधन-पंपांना सगळे वंगण डिझेलमधूनच मिळत असल्याने पाण्याचा एक घोटही त्यांच्या रोटरला गंजवून बसवतो. जुने एका ओळीतले पंप, ज्यांच्या पोटात स्वतंत्र ऑइल असते, ते त्या मानाने सोशिक असतात.

दरम्यान इंधनही बदलून गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या डिझेलमध्ये वजनाच्या १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. मुंबईत २०१० मध्ये ही मर्यादा ५० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ५० भागांवर, आणि एप्रिल २०२० मध्ये १० पीपीएमवर आली. शहराच्या हवेसाठी हे उत्तमच झाले. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली सुगंधी संयुगेही घटतात, आणि जुन्या इंधनात वर्षानुवर्षे फुगून बसलेले रबरी सील नव्या इंधनात आकसतात. गळती दाबाच्या बाजूला असेल तर डिझेल ठिबकताना दिसते. ओढीच्या बाजूला असेल तर काहीच ठिबकत नाही, उलट हवा आत येते. इंजिन सकाळी सुरू होते, दोन मिनिटे चालते आणि अडखळून बंद पडते. ‘एअर पकडली’ म्हणून दररोज स्क्रू ढिले करून हवा काढत बसण्यापेक्षा टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा घालावा. बुडबुडे दिसले की टाकीकडे जात एकेक जोड तपासावा आणि सील, पडदे व वॉशर आजच्या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे घालावेत.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या बंबाला पहिला सेल्फ मारण्यापूर्वी दोन गोष्टी मी अपरिहार्य मानतो. नोझल काढून, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून, इंजिन हाताने फिरवून पाहावे. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि इंधन-पंपाचे बाजूचे झाकण उघडून रॅक बोटांनी पुढे-मागे सरकते का ते बघावे. ती पूर्ण डिझेलच्या टोकाला चिकटली असेल तर सुरू झालेले इंजिन चावी बंद करून थांबत नाही. हवेच्या तोंडावर दाबायला एक जाड फळी हाताशी ठेवावी, आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये, कारण तो कातडी भेदून आत जातो.

सुट्या भागांच्या बाबतीत मुंबईकर एका अर्थाने सुदैवी आहेत. ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या बाजारात न मिळालेली वस्तू दारूखाना भागातल्या भंगार बाजारात विचारता येते, आणि लेलँडची इंजिने मासेमारीच्या ट्रॉलरवर दीर्घकाळ चालल्यामुळे त्यांचे भाग ससून डॉकच्या परिसरातील कारागिरांच्या ओळखीचे आहेत. कायद्याने मात्र बंबाला फारशी जागा ठेवलेली नाही. २०२१ चे व्हिंटेज नोंदणीचे नियम दुचाकी आणि खासगी मोटारींपुरते आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून स्थानिक संस्थांसह सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर टिकत नाही. त्यामुळे दुरुस्त झालेला बंब प्रायः प्रदर्शनातली वस्तू होऊन आवारातच राहतो आणि पुन्हा दहा-दहा मिनिटे रिकामा चालवला जातो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा आवाराच्या भूमिगत टाकीत सक्शन होज सोडून, तेच पाणी पुन्हा टाकीत परतवत, किमान अर्धा तास पंप भाराखाली चालवावा; तेवढ्यात इंजिन पूर्ण तापते, विनिमयकाची तपासणी होते आणि टाकीतले डिझेलही खर्ची पडून ताजे भरता येते.