लठ्ठपणा, जुलाब आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

सुटलेलं पोट आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं नातं आता नवीन राहिलेलं नाही. अमेरिकेत १९८२ पासून ९ लाखांहून अधिक लोकांचा १६ वर्षं माग ठेवलेला एक अभ्यास २००३ मध्ये छापून आला, त्यात ते ठळक दिसलं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लठ्ठपणाशी जोडलेल्या १३ कर्करोगांची यादी केली, त्यातही मोठं आतडं होतंच. प्रश्न होता तो ‘कसं’ हा. इन्सुलिन वाढतं आणि पेशींना वाढीचा निरोप देत राहतं, हे एक उत्तर १९९०च्या दशकातलं. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे, तीही रसायनं सोडते आणि दाह चालू ठेवते, हे दुसरं. दोन्ही अजून उभी आहेत. तिसरं उत्तर मात्र आडवाटेनं आलं, आणि ती वाट कोलकात्यातून जाते.

१९५०च्या दशकात शंभुनाथ डे हे संशोधक तिथे पटकीवर (कॉलऱ्यावर) काम करत होते. भूल दिलेल्या सशाचं पोट उघडायचं, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधायचा, त्यात जंतू टोचायचे आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला असे. १९५६ मध्ये डे आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती जुलाबाच्या रोग्यांकडून मिळालेल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूंवर वापरली, आणि काही वाणांनी आतडं तसंच फुगवलं. १९५९ मध्ये त्यांनी पटकीचं विष दाखवून दिलं. (एवढं करूनही हयातीत त्यांना देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही.)

पुढे ई. कोलायच्या विषांपैकी एक विष उकळूनही निकामी होत नाही, असं आढळलं. १९७८ मध्ये कळलं, की ते आतड्याच्या पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवतं, म्हणून मीठपाणी बाहेर लोटलं जातं. १९९० मध्ये हे विष पेशीवर जिथे चिकटतं तो ग्राही हाती लागला. पण जंतूसाठी शरीर कशाला दार ठेवेल? १९९२ मध्ये उंदराच्या आतड्यातून ग्वानिलिन हे संप्रेरक वेगळं काढलं गेलं. तो ग्राही त्याचाच होता. नक्कल आधी सापडली, अस्सल नंतर.

फिलाडेल्फियाच्या स्कॉट वॉल्डमन यांच्या गटानं २००३ मध्ये मांडलं, की हे विषारी ई. कोलाय जिथे घरोघरी आहेत त्या देशांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसतो. हा पुरावा एकटा घेतला तर लंगडाच. अशा देशांत खाणं वेगळं, आयुर्मान कमी, नोंदीही अपुऱ्या. पण प्रयोगशाळेत त्याच विषानं माणसाच्या आतड्यातल्या कर्कपेशींची वाढ मंदावली, तेव्हा ते हसण्यावारी नेता येईना.

आतड्याच्या अस्तरात खोल खळगे असतात. पेशी तळाशी जन्मतात, वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. ही रांग बेतात ठेवणाऱ्या लगामांपैकी एक म्हणजे ग्वानिलिनचा संदेश. मोठ्या आतड्याच्या बहुतेक गाठींमध्ये ग्वानिलिन जवळजवळ नाहीसं झालेलं असतं. ग्राही मात्र जागेवर असतो, निरोपाची वाट पाहत.

२०१६ मध्ये याच गटानं लठ्ठपणाचा धागा जोडला. भरपूर उष्मांकाचं खाणं दिलेल्या उंदरांच्या आतड्यात ग्वानिलिन बनणं जवळपास बंद पडलं. मेद असो वा कर्बोदकं, जादा उष्मांकांचा परिणाम तोच. खाणं कमी केल्यावर ग्वानिलिन परत आलं. आणि ज्या उंदरांत ते जनुकीय उपायानं चालू ठेवलं, ते लठ्ठ होऊनही त्यांच्यात गाठींना आळा बसला. इथे दोष चरबीकडे जाण्याआधी ताटाकडे जातो, हे मला या प्रयोगातलं सर्वांत बोलकं वाटतं. अर्थात उंदीर तो उंदीर.

माणसांसाठी लिनाक्लोटाइड हे ई. कोलायच्या त्याच विषाच्या धर्तीवर घडवलेलं, त्याच ग्राहीला चिकटणारं औषध आधीपासून आहे. अमेरिकेत बद्धकोष्ठावर त्याला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. जुलाब हाच त्याचा नेहमीचा दुष्परिणाम. कर्करोग रोखायला ते वापरायचं तर अडचण वेगळीच आहे: तोंडावाटे घेतलेलं हे औषध बरंचसं लहान आतड्यातच खर्ची पडतं, आणि गाठी होतात त्या पुढे, मोठ्या आतड्यात.