आकार बिघडला आहे की रचना?

जुने गोवे येथील से कॅथेड्रलच्या दर्शनी भागाला मूळचे दोन मनोरे होते. त्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला आणि तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्याची बैठक, उंची, कडा आणि त्यातली घंटा, सारे जिथल्या तिथे आहे. तरीही समोरच्या हिरवळीवरून आज जे दिसते ते दोन मनोऱ्यांच्या दर्शनी भागापेक्षा अगदी निराळे आहे. जोडी असताना मधला उंच भाग हेच केंद्र होते आणि दोन्ही बाजूंचे मनोरे त्याला सारखाच तोल देत होते. आता नजर आधी डावीकडच्या मनोऱ्यावर चढते, तिथून मधल्या भागावर उतरते आणि उजवीकडे थेट मोकळ्या आभाळात जाते. मनोऱ्याचा आकार तोच राहिला. बदलली ती रचना. दृश्य मांडणीच्या या दोन मूलतत्त्वांमधला फरक समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मला गोव्यात तरी सापडलेले नाही.

आकार म्हणजे एखाद्या घटकाचे स्वतःचे रूप. त्याची बाह्यरेषा, त्याच्या अंगातले प्रमाण, तो भरीव आहे की पोकळ, टोकदार आहे की गोलाई असलेला, हे सगळे आकारात मोडते, आणि तो घटक एकटा कागदावर ठेवला तरी ते सांगता येते. रचना मात्र एकट्या घटकाबद्दल बोलूच शकत नाही. घटकाघटकांमधले अंतर, त्यांची दिशा, त्यांचे परस्परांशी आणि चौकटीच्या कडांशी असलेले नाते, नजर कुठून शिरते आणि कुठे थांबते, हा रचनेचा प्रांत आहे. कोऱ्या कागदावर एकच ठिपका काढला तरी रचना सुरू होते, कारण तो मधोमध आहे की कोपऱ्यात सरकला आहे, हा प्रश्न ठिपक्याचा नसून ठिपका आणि कागद या दोघांचा असतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आकारमानाबाबत. एखादी गोष्ट मोठी किंवा लहान करणे म्हणजे तिचा आकार बदलणे, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात वर्तुळ दुप्पट केले तरी ते वर्तुळच राहते. ते मोठे आहे हे शेजारच्या घटकाशी किंवा चौकटीशी तुलना केल्यावरच कळते, म्हणून आकारमान ही माझ्या मते मुख्यतः रचनेची बाब आहे.

गोव्याशी नाते असलेल्या दोन चित्रकारांची कामे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर हा भेद आणखी उलगडतो. फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचा जन्म 1924 मध्ये साळगाव येथे झाला. वासुदेव गायतोंडे यांचा जन्मही त्याच वर्षी झाला, तो नागपूरला, गोमंतकीय कुटुंबात. दोघांचेही शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले आणि दोघेही प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाशी जोडले गेले. सोझांनी रंगवलेले एखादे मस्तक पाहावे: जाड काळी बाह्यरेषा, कपाळापर्यंत वर सरकलेले डोळे, दातांच्या उघड्या रांगा, गालांवर आडव्यातिडव्या रेघोट्या. अशा चित्राचे मोठे बळ आकारात आहे. ते मस्तक चौकटीतून कापून दुसऱ्या कागदावर चिकटवले तरी त्याचा दाहकपणा फारसा उणावणार नाही. गायतोंडे यांच्या उत्तरकाळातल्या उभ्या कॅनव्हासवरचा एखादा तुकडा असाच कापून काढला, तर हातात जवळजवळ काही उरत नाही. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवण्याची बोथट सुरी) वापरून एकावर एक चढवलेले रंगाचे पातळ थर आणि त्यात तरंगणाऱ्या, लिपीसारख्या भासणाऱ्या काही अस्पष्ट खुणा असतात. त्या खुणा वेगळ्या काढल्या तर त्या साध्याच आहेत. त्यांचा परिणाम घडतो तो एका खुणेपासून दुसरी किती दूर आहे, वरचा भाग किती रिकामा सोडला आहे, आणि गडदपणा कोणत्या उंचीवर दाटला आहे, यामुळे. सोझांच्या चित्रात रचना नाही किंवा गायतोंडे यांच्या चित्रात आकार नाही, असे मुळीच म्हणायचे नाही. भार कुठे टाकला आहे, एवढाच मुद्दा आहे, आणि तो ओळखता आला की दोघांकडेही अधिक न्यायाने पाहता येते.

हा भेद सर्वत्र तितकाच धारदार राहत नाही, हेही सांगायला हवे. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरचे कावीकाम घ्या. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव मिसळलेला थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा थर उघडा करतात. इथे कारागिराने पाकळीची कड कोरली की तिच्या एका बाजूला लाल आकार तयार होतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला पांढरा. पांढरी जागा ही केवळ उरलेली जागा नसते. तीही एक आकार असते आणि तीच दोन पाकळ्यांमधले अंतरही असते. एकच रेघ दोन्ही कामे करते. त्यामुळे कावीत मधली जागा चुकली तर दोष आकाराचा की रचनेचा, असा वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण अंतराची आहे. मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ रस्त्याच्या वळणावरून पाहिला तर तो एकच आकार आहे, वर निमुळता होत जाणारा. अंगणात उभे राहून पाहिला की तोच स्तंभ रचना होतो: मजल्यावर मजला, प्रत्येक मजल्यावर दिव्यांसाठी कोनाडे, दोन मजल्यांमध्ये बाहेर आलेली कड. आणखी जवळ गेले की एकटा कोनाडा हा आकार ठरतो. म्हणून चर्चेत कोणत्या पातळीवरून बोलतो आहोत हे आधी ठरवले नाही, तर दोन जाणकार माणसेही एकाच वस्तूबद्दल उलटसुलट बोलत राहतात आणि दोघांचेही बरोबर असते.

व्यवहारात हा भेद सर्वाधिक उपयोगी पडतो तो छपाईच्या कामात. जत्रोत्सवातल्या मराठी नाटकाचा फलक समोर घ्या. वर देवाचे छायाचित्र, मध्ये नाटकाचे नाव, खाली कलाकारांची यादी, तारीख, वेळ आणि पुरस्कर्त्यांची नावे. फलक वाचता येत नाही अशी तक्रार आली की बहुधा अक्षरे मोठी केली जातात आणि फलक आणखीच गुदमरतो. त्याऐवजी आधी नाटकाच्या नावाखेरीज सगळे काही कागदाने झाकावे. एकटे नावही नीट वाचता येत नसेल, म्हणजे अक्षरांच्या पोटातली पोकळी बुजली असेल, जोडाक्षर गाठीसारखे दिसत असेल किंवा अक्षराभोवती दिलेल्या तीन-तीन रंगांच्या कडांनी शिरोरेषा हरवली असेल, तर दोष आकाराचा आहे आणि अक्षरवळण बदलल्याशिवाय तो जाणार नाही. एकटे नाव सुरेख दिसते, पण कागद काढताच गर्दीत हरवते, असे असेल तर अक्षरांना हात लावू नये. मग फलक उलटा धरून पाहावा. मजकूर वाचता येईनासा होतो आणि फक्त गडद-फिकट ठोकळे उरतात. कुठे सारे ठोकळे सारख्याच जोराने पुढे येत आहेत आणि कुठे श्वास घ्यायलाही जागा नाही, हे तेव्हा लगेच कळते. पुष्कळदा पुरस्कर्त्यांची छायाचित्रे निम्म्याने लहान करून एका ओळीत घेतली आणि नाटकाच्या नावाभोवती चारी बाजूंनी जागा सोडली, एवढ्यानेच काम होते.

देवनागरीत आणखी एक जागा आवर्जून तपासावी लागते. दोन ओळींतले अंतर कमी ठेवले तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो आणि दोन्ही अक्षरे बिघडल्यासारखी वाटतात. अक्षरवळण निर्दोष असते, दोष दोन ओळींच्या नात्यात असतो, आणि अंतर थोडे वाढवले की तीच अक्षरे पुन्हा नीट दिसू लागतात. अक्षरवळण बदलण्याची मागणी करण्याआधी छापखान्यात एवढे जरूर करून पाहावे.